पाटी लावून गुंतवणूकदार वाचत नसतो

एफ अँड ओ, म्हणजे शेअर किंवा इंडेक्सच्या पुढच्या भावावर होणारे फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे सौदे, याबद्दल शेअर बाजाराचा नियामक असलेल्या सेबीने नवा आकडा किंवा नवा नियम जाहीर केला की तेच भांडण पुन्हा सुरू होतं. एक बाजू म्हणते हा सरळसरळ जुगार आहे, बंद करून टाका, तरुण पोरं कर्जात बुडतायत. दुसरी बाजू म्हणते माणसं सज्ञान आहेत, पैसा त्यांचा, अक्कल त्यांची, सेबीने कशाला मध्ये पडायचं. दोन्ही बाजूंना वाटतं की प्रश्न सेबीने कडक व्हावं की ढिलं सोडावं एवढाच आहे, आणि माझ्या मते इथेच सगळी चर्चा भरकटते. भारतात सामान्य गुंतवणूकदाराचं जे काही खरं संरक्षण झालंय ते ना बंदीने झालंय ना इशाऱ्याने. शेअर कुठे राहतो, पैसा कोणाच्या हातातून जातो, सौदा किती दिवसांत पुरा होतो, असल्या कंटाळवाण्या गोष्टी बदलल्या तेव्हा ते झालं. आणि जिथे संरक्षण फसलं तिथे बहुतेक वेळा नियम होते, पण निकाल आणि पैसे यायला इतकी वर्षं गेली की नियम असून नसल्यासारखा झाला. सेबीला जाब विचारायचाच असेल तर या दोन गोष्टींवर विचारा.

इशाऱ्याचं काय होतं ते आपण नुकतंच पाहिलंय. २०२३ च्या जानेवारीत सेबीने अभ्यास काढला, त्यात दिसलं की २०२१-२२ मध्ये शेअर्सच्या एफ अँड ओ मध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ८९ टक्के लोक तोट्यात होते. त्यावर उपाय काय केला, तर त्याच वर्षी जुलैपासून ब्रोकरच्या अ‍ॅपवर लॉगिन केलं की १० पैकी ९ जण तोट्यात जातात अशी सूचना दाखवायची सक्ती झाली. लोक ती रोज बघतात आणि बोटाने बाजूला सारतात. पुढच्या अभ्यासात २०२३-२४ चा आकडा आला ९१ टक्के. तीन वर्षं मिळून एक कोटीपेक्षा जास्त लोक, त्यातले ९३ टक्के तोट्यात, एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. सलग दोन वर्षं तोटा खाऊनही तीन चतुर्थांशाहून जास्त लोक खेळत राहिले. आणि हे कोण होते, तर २०२३-२४ मध्ये यातल्या ७५ टक्क्यांहून जास्त लोकांनी आपलं वार्षिक उत्पन्न ५ लाखांच्या खाली दाखवलेलं होतं. म्हणजे माहिती नव्हती म्हणून फसले असं म्हणायची सोयच उरलेली नाही, माहिती तर रोज सकाळी तोंडासमोर होती.

आता स्वातंत्र्यवाल्यांचा मुद्दा घेऊ, कारण तो कच्चा नाही. तोटा होणं आणि फसवणूक होणं यात फरक आहे, आणि नियामकाने तोट्यापासून वाचवायला घेतलं तर त्याला अंतच राहणार नाही. शेअर पडतात, धंदे बुडतात, यात सेबीचा दोष नाही आणि नसावा. शिवाय सौद्याची किमान साइज ५-१० लाखांवरून १५ लाखांवर नेली (नोव्हेंबर २०२४ पासून) तेव्हा छोट्या माणसाला दाराबाहेर ठेवलं आणि मोठ्याला आत, ही तक्रार मला अर्धी पटते. जोखीम घ्यायचा हक्क पैशावर ठरू नये. पण हाच युक्तिवाद थोडा पुढे नेऊन बघा. सज्ञान माणूस स्वतःच्या मर्जीने खेळतोय हे म्हणताना समोर कोण बसलंय? सेबीच्याच आकड्यांनुसार २०२३-२४ मध्ये परदेशी संस्थांनी या बाजारात कमावलेल्या नफ्यापैकी ९७ टक्के आणि ब्रोकर फर्म्सच्या स्वतःच्या खात्यातल्या नफ्यापैकी ९६ टक्के नफा अल्गोरिदमने चालणाऱ्या ट्रेडिंगमधून आला होता. आणि तीन वर्षांत वैयक्तिक ट्रेडर्सनी फक्त खर्चापोटी, म्हणजे ब्रोकरेज, एक्स्चेंजची फी, टॅक्स वगैरे, जवळजवळ ५० हजार कोटी मोजले. जिंका किंवा हरा, हे पैसे जाणारच होते. मर्जी आहे, मान्य, पण ज्या मांडणीत ती मर्जी चालते ती मांडणी कोणीतरी केलेली आहे, आणि ती कोणी आणि कशासाठी केली हे विचारायला स्वातंत्र्याच्या आड यायची गरज पडत नाही.

ती कोणी केली ते बघाच. २०२३-२४ च्या सुमारास अशी अवस्था होती की सोमवारी मिडकॅप, मंगळवारी फिननिफ्टी, बुधवारी बँक निफ्टी, गुरुवारी निफ्टी, शुक्रवारी सेन्सेक्स, म्हणजे आठवड्यातल्या प्रत्येक कामाच्या दिवशी कुठल्यातरी इंडेक्सची एक्स्पायरी (त्यावरच्या सौद्यांची मुदत संपायचा दिवस). ज्याला खरोखर आपल्या पोर्टफोलिओचं हेजिंग (पडझडीपासून बचाव) करायचंय त्याला रोज एक्स्पायरी कशाला लागेल? ती लागते ती दुपारी दोन वाजता पाच रुपयांचा ऑप्शन घेऊन साडेतीनपर्यंत पन्नास होईल या आशेवर बसणाऱ्याला, आणि प्रत्येक सौद्यामागे फी घेणाऱ्या एक्स्चेंजला. एक्स्चेंज हा आपल्याकडे पहिल्या फळीचा नियामक आहे, ब्रोकर्सवर लक्ष ठेवायचं काम त्याचं, आणि कमाईसुद्धा त्याच ब्रोकर्सच्या उलाढालीवर. त्यातही एक बारीक गोष्ट बऱ्याच लोकांना माहीत नव्हती. उलाढाल वाढली की एक्स्चेंज ब्रोकरला फीमध्ये सूट द्यायचं, पण ब्रोकर ग्राहकाकडून घेताना वरचाच दर घ्यायचे आणि मधला फरक खिशात. म्हणजे तुम्ही जितकं जास्त खेळाल तितका ब्रोकरला एक्स्चेंजकडून मोबदला. १ ऑक्टोबर २०२४ पासून सेबीने हे बंद केलं, सगळ्यांना एकच दर, ग्राहकाकडून घेतलेली फी तेवढीच एक्स्चेंजला. आणि त्याच सुमाराला आठवड्याची एक्स्पायरी प्रत्येक एक्स्चेंजला एकाच इंडेक्सवर मर्यादित केली. या दोन्ही निर्णयांत कोणाला उपदेश नाही आणि कोणावर बंदी नाही. पण डिसेंबर २०२४ ते मे २०२५ या काळात एफ अँड ओ मधले वैयक्तिक ट्रेडर्स आधीच्या वर्षीच्या तुलनेत साधारण २० टक्क्यांनी घटले. जे अ‍ॅपवरच्या पाटीला जमलं नव्हतं त्याची सुरुवात तरी झाली. तोट्यातल्या लोकांचं प्रमाण २०२४-२५ मध्येही ९१ टक्केच राहिलं हेही खरं, त्यामुळे काम झालं असं मी अजिबात म्हणत नाही.

बंदीवाल्यांचा मुद्दा भावनेच्या जोरावर उभा आहे आणि त्या भावनेला आधार आहे. ज्या घरात कर्ज काढून ऑप्शन घेतले गेले त्या घरासमोर हेजिंग आणि लिक्विडिटीच्या गप्पा मारणं मलाही जमणार नाही. पण बंदी हा प्रयोग आपण करून बसलोय. १९६९ मध्ये केंद्र सरकारने शेअर्सच्या वायदे सौद्यांवर बंदी घातली. सट्टा थांबला का? त्याने बदल्याचं रूप घेतलं, आजचा सौदा पुढच्या सेटलमेंटला ढकलायचा, व्याज द्यायचं, आणि पुन्हा ढकलायचा. वायदा होताच, फक्त नीट मार्जिन (सौद्याआधी ठेवायची अनामत) नव्हतं, कोणाची किती पोझिशन आहे हे कोणाला दिसत नव्हतं. पुढे सेबीने बदला एकदा बंद केला, सुधारून परत आणला, आणि शेवटी २००१ मध्ये केतन पारेख या ब्रोकरच्या घोटाळ्याने बाजार हादरल्यावर कायमचा थांबवला. तीस वर्षं एका बंदीच्या पोटातून निघालेली गोष्ट आवरण्यात गेली. आज एफ अँड ओ बंद करा, उद्या तोच पोरगा डब्बा ट्रेडिंगवाल्याकडे, म्हणजे एक्स्चेंजच्या बाहेर बेकायदा सौदे घेणाऱ्याकडे जाईल, जिथे ना पावती, ना क्लिअरिंग, ना तक्रार करायला जागा.

त्याच्याही मागे जायचं तर मुंबईने हे सगळं १८६५ मध्येच पाहिलेलं आहे. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होतं, तिथला कापूस बंद, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आणि हातात आलेला पैसा शेअर्समध्ये. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा ५ हजारांचा शेअर ५० हजारांच्या आसपास गेला. युद्ध संपलं, कापूस पडला, आणि १ जुलै १८६५ ला मुदतीचे सौदे पुरे करायचा दिवस आला तेव्हा पैसे द्यायला कोणाकडेच काही नव्हतं. बँक ऑफ बॉम्बे सुद्धा त्यात गेली. त्या गोष्टीचं तात्पर्य नेहमी लोभ वाईट असं काढलं जातं. मला त्यात वेगळंच दिसतं. लोभ २०२४ मध्येही तेवढाच होता, कदाचित जास्तच, एक कोटी लोकांचा होता. पण १.८ लाख कोटींचा तोटा होऊनही एक्स्चेंजवर सौदा जिंकलेल्या माणसाचे पैसे समोरच्याने हात वर केले म्हणून बुडाले असं झालं नाही, कारण आज दोन माणसांच्या मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन उभं असतं, आधी मार्जिन घेतं आणि सौद्याची हमी देतं. माणूस तोच, बदलली ती मधली व्यवस्था.

आणि सेबीच्या इतिहासातलं जे जे टिकलं ते याच जातीचं आहे. सेबीची स्थापना १९८८ मध्ये झाली पण तिला दात नव्हते, आयपीओची (कंपनी लोकांना पहिल्यांदा शेअर विकते त्याची) किंमतसुद्धा कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूज नावाचा सरकारी अधिकारी ठरवायचा. कायद्याचे अधिकार आले १९९२ मध्ये, हर्षद मेहता प्रकरण फुटलं त्याच वर्षी. लोकांच्या लक्षात हर्षद मेहता राहतो, पण सामान्य माणसाचं आयुष्य बदललं ते नंतरच्या दोन गोष्टींनी, एक १९९४ मध्ये सुरू झालेलं नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचं (एनएसई) स्क्रीनवरचं ट्रेडिंग आणि दुसरी १९९६ नंतरची डीमॅट पद्धत, म्हणजे शेअर कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक खात्यात. त्याआधी ब्रोकर सांगेल तो भाव, खरा कितीला घेतला हे तपासायला मार्ग नाही, आणि कागदी सर्टिफिकेट घरी आलं तर ते चोरीचं निघू शकतं, बनावट निघू शकतं, सही जुळत नाही म्हणून परत येऊ शकतं. हे सगळं एखाद्या कडक शिक्षेने थांबलं नाही, कागदच राहिला नाही म्हणून थांबलं. आयपीओचे पैसे आधी खात्यातून जायचे आणि रिफंडची वाट बघत बसावं लागायचं, आस्बा नावाची पद्धत आली आणि पैसे तुमच्याच खात्यात ब्लॉक होऊन राहू लागले. सेटलमेंट दोन आठवड्यांच्या चक्रावरून आधी टी+५ (सौद्यानंतर पाच कामाचे दिवस), मग ३, मग २, आणि २०२३ च्या जानेवारीत पूर्णपणे टी+१ वर आली, म्हणजे ब्रोकरच्या हातात तुमचे पैसे पडून राहायचा काळच कमी झाला.

कार्व्हीचं उदाहरण तर प्रत्येक गुंतवणूकदाराने समजून घ्यावं असं आहे. या ब्रोकरने पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीचा वापर करून ग्राहकांचे शेअर गहाण टाकले आणि त्यावर कर्ज उचललं, साधारण ९५ हजार ग्राहक आणि २,३०० कोटींहून जास्त किमतीचे शेअर. ग्राहकांचे शेअर असे वापरू नयेत हा नियम तेव्हाही होताच! नियम मोडणाऱ्याला तो मोडता येत होता ही अडचण होती. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये सेबीने कार्व्हीला रोखलं आणि पुढच्याच महिन्यात बहुतेक ग्राहकांचे शेअर त्यांच्या खात्यात परत आले, पण माझ्या मते खरं मोठं काम २०२० मध्ये झालं, जेव्हा मार्जिनसाठी शेअर ब्रोकरच्या खात्यात पाठवणं बंद करून ते तुमच्याच डीमॅटमध्ये ठेवून, ओटीपी देऊन प्लेज (गहाण) करायची पद्धत आली. आता दुसरा कोणी तसाच बदमाश ब्रोकर निघाला तरी त्याला तोच हात मारणं फार अवघड आहे.

यावर एक जोरदार आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. ही सगळी यंत्रणा एक्स्चेंजच्या आतली, पण सगळ्यात गरीब माणूस तर बाहेरच लुटला जातो. बरोबर आहे. एनएसईएल (नॅशनल स्पॉट एक्स्चेंज) या कमोडिटीच्या बाजारात २०१३ मध्ये ५,६०० कोटी अडकले तेव्हा तो स्पॉट एक्स्चेंज सेबीच्या अखत्यारीत नव्हताच, कमोडिटी बाजार सेबीकडे आला २०१५ मध्ये. पर्ल्स म्हणजे पीएसीएलने जमिनीच्या नावाखाली ४९ हजार कोटींहून जास्त गोळा केले. सहाराच्या दोन कंपन्यांनी तीन कोटी लोकांकडून २४ हजार कोटींच्या आसपास पैसे घेतले आणि म्हणाले हे खाजगी प्लेसमेंट (मोजक्या लोकांनाच दिलेला देकार) आहे. तेव्हाचा कंपनी कायदा सांगत होता की ५० किंवा जास्त लोकांना देकार दिला की तो पब्लिक इश्यू, आणि इथे तीन कोटी! सेबीने आदेश दिला, सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०१२ मध्ये १५ टक्के व्याजासह परत करायला सांगितलं, कायदेशीर लढाई सेबी पूर्ण जिंकली. आणि मग? दहा वर्षांनंतरही सेबीकडून रोखेधारकांना परत गेलेली रक्कम दीडशे कोटींच्या आत होती. सेबी म्हणते दावे करायलाच फार लोक आले नाहीत, कागदपत्रं जुळत नाहीत. असेलही, पण जो माणूस रोज ५०-१०० रुपये एजंटच्या हातात देत होता त्याच्याकडे इतक्या वर्षांनी कुठली कागदपत्रं असणार? या प्रकरणात कमी पडला तो वेग.

आणि ही फक्त आपली रड नाही. सेबीसारखीच अमेरिकेची नियामक संस्था एसईसी १९३४ पासून आहे, पैसा, माणसं, वकील कशाचीच कमतरता नाही. हॅरी मार्कोपोलोस नावाचा विश्लेषक २००० सालापासून लेखी सांगत होता की लोकांचे पैसे गुंतवून देणाऱ्या बर्नी मेडॉफचे नफ्याचे आकडे शक्यच नाहीत. तपासणी झाली, एकदा नाही अनेकदा, आणि मेडॉफ पडला तो डिसेंबर २००८ मध्ये, तोही स्वतःहून कबूल करून. नंतर एसईसीच्याच अंतर्गत चौकशीत निघालं की मेडॉफ जे सौदे केल्याचं सांगत होता ते खरंच झालेत का हे बाहेरच्या पक्षाकडून कोणी नीट पडताळलंच नव्हतं. मेडॉफ देईल ते कागद वाचत बसले. कायद्यात तिथे काहीही कमी नव्हतं, शेअर सांभाळणाऱ्या डिपॉझिटरीकडे नीट एक विचारणा केली असती तरी सगळं उघडं पडलं असतं.

वेग मागितला की लगेच सेबीच्या अंतरिम आदेशांचा विषय निघतो आणि तिथे टीकाकारांचं बरंच बरोबर आहे. नियम करणार सेबी, तपास करणार सेबी, निकाल देणार सेबी, आणि बाजू ऐकून घ्यायच्या आधीच अंतरिम आदेशाने खाती गोठवणार पण सेबी. पुढे सॅटमध्ये, म्हणजे सेबीच्या आदेशांवरचं अपील ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात, गेलं की कधीकधी आदेश पडतात. को-लोकेशन प्रकरणात (काही ब्रोकर्सना एनएसईच्या सर्व्हरवरून आधी माहिती मिळाल्याचा आरोप) २०१९ मध्ये सेबीने एनएसईला ६२५ कोटींच्या जवळपास रक्कम व्याजासह भरायला सांगितलं होतं, २०२३ मध्ये सॅटने ते रद्द केलं. सत्यम कंपनीच्या घोटाळ्यात तिचे ऑडिटर प्राइस वॉटरहाऊसवर सेबीने दोन वर्षांची बंदी घातली ती घोटाळा उघड झाल्यावर नऊ वर्षांनी, २०१८ मध्ये, आणि पुढच्या वर्षी तीही सॅटमध्ये टिकली नाही. पण यातून सेबीने हळू जावं असा निष्कर्ष कसा निघतो ते मला कळत नाही. अंतरिम आदेश दिला की अंतिम आदेश अमुक महिन्यांत द्यायचा अशी पक्की मुदत कायद्यातच घाला, नाही दिला तर गोठवलेलं खातं आपोआप मोकळं. आरोपीलाही न्याय आणि गुंतवणूकदारालाही. आज दोघंही लटकलेले असतात, आणि त्यात फायदा फक्त त्याचा होतो ज्याला वेळ काढायचाय.

आता शेवटची गोष्ट, जिच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं, पैसे कोणाला मिळतात. सेबीने ठोठावलेला दंड गुंतवणूकदाराला मिळत नाही, तो सरकारच्या एकत्रित निधीत जमा होतो. बेकायदा नफा परत घेतला तर तो गुंतवणूकदार संरक्षण आणि शिक्षण निधीत जातो. मार्च २०२४ अखेर वसुलीस कठीण म्हणून बाजूला ठेवलेली रक्कम सेबीच्या वार्षिक अहवालात ७६ हजार कोटींच्या वर होती. ज्याचं नुकसान झालं त्याच्या हातात या सगळ्यातून किती आलं? अमेरिकेत २००२ च्या कायद्यानंतर दंडाची रक्कमसुद्धा नुकसान झालेल्यांमध्ये वाटता येते. आपल्याकडेही हे अशक्य नाही, २००३ ते २००५ च्या आयपीओंमध्ये खोट्या डीमॅट खात्यांनी शेअर लाटले होते, त्या प्रकरणात वाधवा समितीच्या शिफारशीवरून सेबीने २०१० मध्ये डावललेल्या लाखो अर्जदारांना त्यांचा वाटा पाठवला होता. रकमा छोट्या होत्या, पण माणूस शोधून काढला होता आणि पैसे पोचवले होते. जुलै २०२५ मध्ये सेबीने जेन स्ट्रीट या अमेरिकी ट्रेडिंग कंपनीवर बँक निफ्टीच्या एक्स्पायरीला भाव वाकवल्याचा ठपका ठेवून ४,८४३ कोटी ताब्यात घ्यायचा आदेश दिला. कंपनीने आरोप नाकारलेत, वाद सॅटपर्यंत गेलाय, निकाल काय लागायचा तो लागेल. पण तो सेबीच्या बाजूने लागला तर ते पैसे कुठल्यातरी निधीत पडून राहायचं काही कारण नाही. त्या त्या दिवशी समोरच्या बाजूला कोणते ऑप्शन कोणी कितीला घेतले होते याची नोंद एक्स्चेंजकडे सेकंदासकट आहे, प्रत्येक सौद्यामागे ग्राहकाचा पॅन आहे, आणि त्या पॅनला जोडलेलं बँक खातं पण आहे.